जमिनीखालचे दोनशे फूट

गावाकडे बोअर मारायची गाडी आली की घरातला एक माणूस रॉड मोजायला उभा राहतो. बोअरवाला फुटावर पैसे घेतो आणि खाली किती गेलं हे नंतर कोणालाच दिसत नाही, म्हणून रॉड मोजायचे. न्यू जर्सीत लायसन्स असतं, परमिट असतं, इन्स्पेक्शन असतं, त्यामुळे रॉड कोणी मोजत नाही. आम्हाला गंडवलं ते नेमकं तिथेच. इथल्या आपल्या मंडळींपैकी कोणी जिओथर्मल, म्हणजे जमिनीतल्या उबेवर घर गरम करणारी यंत्रणा, बसवायच्या विचारात असेल तर हे वाचून मग सही करा.

आमचं घर मिडलसेक्स काउंटीतलं, जुनं, तेलाच्या फर्नेसवर चालणारं. जिओथर्मल म्हटल्यावर पुण्याच्या मावशीने फोनवर विचारलं, "म्हणजे वज्रेश्वरीसारखं गरम पाणी लागलं का रे अंगणात?" तसलं काही नाही. तीस-चाळीस फुटांखाली इथली जमीन वर्षभर साधारण 12-13 अंश सेल्सिअसला असते, बर्फ पडो की ऊन. थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं ते यामुळेच. बोअरमध्ये काळ्या एचडीपीई पाइपचा यू आकाराचा लूप सोडतात, त्याच्याभोवती तळापासून वरपर्यंत बेंटोनाइटचं ग्राउट भरतात आणि पाइपमधून ग्लायकॉल मिसळलेलं पाणी फिरवत ठेवतात. ते जमिनीतली ऊब घेऊन वर येतं. घरातला हीट पंप उलटा लावलेल्या फ्रिजसारखा ती ऊब शोषतो, तापमान वाढवतो आणि घरात सोडतो. एक युनिट विजेत तीन ते चार युनिट उष्णता मिळते. उन्हाळ्यात तेच चक्र उलटं फिरवून घर गार करता येतं.

म्हणजे यंत्रात खोट नाही. मात्र सगळी मदार लूप किती लांब आहे यावर. ढोबळ ठोकताळा असा, की पंपाच्या क्षमतेच्या दर टनामागे 150 ते 200 फूट बोअर लागते. लूप आखूड पडला की पाणी जमिनीतून जेवढी ऊब आणतं त्यापेक्षा जास्त पंप ओढतो, भोवतालची जमीन गार पडत जाते आणि ऐन जानेवारीत सगळं कोलमडतं.

आमच्याकडे सेल्समन आला 2025 च्या उन्हाळ्यात. त्या 4 जुलैला नव्या कायद्यावर सही झाली होती आणि जिओथर्मलवरची 30 टक्के फेडरल टॅक्स सवलत 31 डिसेंबर 2025 ला संपणार होती. त्या तारखेचा त्याने पुरेपूर वापर केला. भाव 48 हजार डॉलर. "त्यातले 14,400 सरकारच परत देणार, चेक घरी येतो," हे एक. "डिसेंबरच्या आत पैसे भरून टाका, काम मग सावकाश होईल," हे दुसरं. दोन्ही खोटं. ही सवलत तुमच्या टॅक्समधून वजा व्हायची, टॅक्सच नसेल तर चेकबिक कुठून येणार? आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त काकांना हाच चेक दाखवून गळ्यात कर्ज मारलेलं आहे. आणि सवलतीसाठी खर्च कधी झाला हे पैसे भरल्याच्या तारखेवर ठरत नव्हतं, बसवण्याचं काम पूर्ण कधी झालं यावर ठरायचं. आमच्या सीपीएने, म्हणजे टॅक्स बघणाऱ्या अकाउंटंटने, हे सांगितल्यावर आम्ही वर्षाच्या आत काम पूर्ण करण्याची अट लेखी घातली. ते तर कंपनीच्या पथ्यावरच पडलं, घाईत खोली कोण तपासतंय!

करारात स्पष्ट होतं: चार टनांचा पंप, प्रत्येकी 350 फुटांच्या दोन बोअर. ड्रिलिंगच्या दिवशी लाल शेल खडकाचा राडा सगळ्या लॉनभर झाला. मुलगा फोन घेऊन त्यातच. त्याने चर बुजवण्याआधी पाइपांचे फोटो काढले, निव्वळ मशिनच्या कौतुकाने. टाउनशिपच्या इन्स्पेक्टरने येऊन वरची जोडणी आणि वायरिंग पाहिलं. बोअर किती खोल आहे हे त्याला तरी कसं दिसणार?

जानेवारीत थर्मोस्टॅटवर 'ऑक्झ' ही अक्षरं दिसायला लागली आणि जाईनात. हीट पंप पुरा पडेना की मशिनमधल्या साध्या विजेच्या कॉइल चालू होतात, ही ती खूण. आमच्या कॉइल 10 किलोवॅटच्या, म्हणजे तासाला दहा युनिट, आणि उष्णता तेवढ्यास तेवढी. बिल पाहून तेलाची टाकी बरी होती असं वाटलं. कंपनीला फोन केला तर म्हणे, "जूनपासून वीज किती महागली आहे बघा." ते खरंच होतं, जून 2025 मध्ये न्यू जर्सीत दर 17 ते 20 टक्के वाढले. पण दर वाढल्याने ऑक्झ लागत नाही. मग म्हणे, पहिल्या हिवाळ्यात जमीन बसायला वेळ लागतो. मग फोन उचलणं बंद.

शेवटी बाहेरचा एक टेक्निशियन आणला. पंपाजवळच्या पाइपांवर दाब आणि तापमान मोजायची छोटी तोंडं असतात. त्यात सुई घालून त्याने पाहिलं: लूपमधून आत येणारं पाणी 27 अंश फॅरनहाइट. गोठणबिंदूच्याही खाली. पंपाचा प्रवाह ठीक होता. त्याने एकच विचारलं, "लूप किती फूट आहे, आणि कशावरून?"

तेव्हा मुलाचे फोटो आठवले. या पाइपवर फुटांचे आकडे ओळीने छापलेले असतात. मोठं करून पाहिलं तर एका टोकाला 1012, त्याच लूपच्या दुसऱ्या टोकाला 1522. फरक 510. खाली जाऊन वर येणारा पाइप, म्हणजे खोली जेमतेम 255. दुसऱ्या लूपचंही तेच.

न्यू जर्सीत अशा बोअरला डीईपीचं, म्हणजे राज्याच्या पर्यावरण खात्याचं, परमिट लागतं आणि काम झाल्यावर परवानाधारक ड्रिलरला खोलीसकट नोंद द्यावी लागते. ओप्राखाली, म्हणजे इथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली, अर्ज करून दोन्ही कागद मागवले. नोंदीत 250 फूट. ड्रिलरने खोटं लिहिलं नव्हतं, लायसन्स कोण घालवेल? आणि परमिटच्या अर्जातली नियोजित खोलीसुद्धा 250 च! म्हणजे आमच्याशी 350 चा करार करून कंपनीने गाडी यायच्या आधीच 250 ठरवून ठेवले होते. सातशे फुटांचे पैसे, पाचशे फुटांचं काम.

कंपनीने आधी ड्रिलरवर ढकललं. परमिटची प्रत पाठवल्यावर सूर बदलला. वकिलाच्या पत्रात राज्याच्या कन्झ्युमर फ्रॉड अॅक्टचा उल्लेख होता. त्यात फसवणूक सिद्ध झाली तर नुकसानीच्या तिप्पट भरपाई आणि वकिलाची फीसुद्धा मिळते. होम इम्प्रूव्हमेंट कंत्राटदारांची नोंदणी करणाऱ्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडेही तक्रार गेली. मग तिसरी बोअर कंपनीच्या खर्चाने मारून द्यायचं ठरलं. विजेच्या बिलांवरून वाद चालूच आहे.

करार करताना एकूण लूपचे फूट आकड्यात लिहून घ्या, नुसतं "आवश्यकतेनुसार" चालवून घेऊ नका. घराच्या उष्णतेचा हिशोब, ज्याला इथे मॅन्युअल जे म्हणतात, तो कागदावर मागा; फक्त स्क्वेअर फूट विचारून टन सांगणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. परमिटची प्रत ड्रिलिंगच्या आधी मागा आणि खोली करारातल्या खोलीशी ताडून बघा. पाइपच्या दोन्ही टोकांचे आकडे दिसतील असे फोटो चर बुजण्याआधी काढा आणि शेवटचा हप्ता ड्रिलरची नोंद हातात पडल्यावरच द्या. तिसऱ्या बोअरच्या करारात आम्ही हे सगळं घातलं आहे, आणि या वेळी ड्रिलर आम्ही निवडलाय.