गड्ड्यावरची ‘जर्मन’ कलमं

स्टीलच्या भांड्यांवर मशीनने नावं घालणं हा आमचा धंदा. लग्नसराईत ‘सप्रेम भेट’ लिहून लिहून हात मशीन बंद केलं तरी थरथरत राहतो. पण चांदीच्या करंड्यावर मशीनची ती ठिपक्याठिपक्यांची रेघ बरी दिसत नाही, म्हणून हाताने कोरायला शिकायचं बरेच दिवस मनात होतं.

गेल्या वर्षी गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, होम मैदानावर, पाळण्यांच्या मागे एक स्टॉल दिसला. लाल मखमलीत धातूवर कोरायची बारा चकचकीत कलमं, लाकडी मुठीची. पाटीवर ‘जर्मन एचएसएस’, म्हणजे हाय-स्पीड स्टील, हत्यारांचं कडक पोलाद. सोबत सरावाला पितळ, तांबं आणि जर्मन सिल्व्हरचे पत्रे. सगळं मिळून २,८०० रुपये. स्टॉलवाल्याने पत्र्यावर सरसर एक वेल काढून दाखवली. कलमापुढून कीस केसासारखा वळत निघत होता. त्याच्या कलमाची मूठ घामाने काळी पडलेली होती, म्हणजे ते सेटमधलं नव्हतंच. हे मला दिसलं होतं, पण डोक्यात शिरलं नाही.

घरी पितळेवर पहिली रेघ मारली. कलम दोन सुतं गेलं आणि घसरून थेट डाव्या अंगठ्यात. टोक वाकून आडवं झालं होतं. दगडावर धार लावली, पुन्हा तेच. असे तीन आठवडे गेले. आपलाच हात कच्चा, असं म्हणत मी धार लावत बसलो. शिकाऊ माणूस मालावर संशय घेत नाही, हे त्या स्टॉलवाल्याला पक्कं ठाऊक असणार.

शेवटी चांदीवर कोरणाऱ्या ओळखीच्या एका काकांकडे सेट नेला. ‘कानस लाव,’ ते म्हणाले. कानस कचकच खात गेली. ‘पाणी दिलेल्या कलमावरनं कानस नुसती घसरते, बघ की. ह्याला पाणी नाही, नुसता मुलामा दिलाय.’ पाणी देणं म्हणजे पोलाद तापवून, झटकन गार करून कडक करणं.

मग चुंबक. ‘पितळी’ पत्रा टपकन चिकटला, आत लोखंड. जर्मन सिल्व्हर चिकटलं नाही म्हणून मी जरा खूश झालो, तर काकांनी ते काट्यावर टाकलं. १० सेंमी बाय १० सेंमी, जाडी १ मिमी, वजन २७ ग्रॅम. अस्सल असतं तर ८५ च्या पुढे भरलं असतं. हे अ‍ॅल्युमिनियम, आणि ती वेलही अशाच पत्र्यावर काढलेली. (जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्त असतं. हेही मला त्या दिवशी कळलं.) तांबं तेवढं खरं निघालं.

बिल नव्हतं. क्यूआरवरून पैसे गेले ते कुठल्याशा मोबाइल दुकानाच्या नावावर. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावायला घेतला, पण स्टॉलवाल्याचं नाव काय सांगणार? गड्डा तर कधीच उठला होता.

आता एकच कलम वापरतो. लेथच्या टूलचं चौकोनी एचएसएस, हार्डवेअरच्या दुकानातून पक्क्या बिलावर आणलेलं. ग्राइंडरवर त्याच्या ठिणग्या मंद, तांबूस आणि तुरळक पडतात. सेटमधल्या कलमांच्या पिवळ्याधमक, लांबच लांब पडल्या होत्या. टोक १२० अंशांचं, तोंड ४५ अंशांचं. बारा कलमं शिकाऊला लागतच नाहीत. सराव पितळेवर चालू आहे. तांबं मऊ असलं तरी टोकाला चिकटतं. स्टेनलेसच्या वाटेला अजून गेलो नाही, ते कोरता कोरता आणखी कडक होतं.

यंदा गड्ड्याला खिशात चुंबक आणि मोडकी कानस घेऊनच गेलो. त्या जागी बांगड्यांचा स्टॉल लागला होता. बायको म्हणाली, ‘आता बांगड्यांना कानस लावू नका.’