वाकड्या मुठीचं खुरपं: दहा महिन्यांचा अनुभव आणि तो एलन बोल्ट

परवा हरभऱ्यातला लव्हाळा काढताना माझ्या वाकड्या मुठीच्या खुरप्याचं पातं पुन्हा डुगडुगायला लागलं, म्हणून आज लिहायला बसले. खुरपं दिसतं कसं, लांबी किती, पातं कुठल्या लोखंडाचं, हे या खुरप्याच्या व्हिडिओत दाखवलंय. ते परत सांगत नाही. मी दहा महिने वापरलंय, तेवढंच सांगते.

मागच्या जानेवारीत कोल्हापूरच्या मेरी वेदर मैदानावर कृषी प्रदर्शन होतं, तिथं घेतलं. 480 रुपये. आमच्या लोहाराचं कमानपाट्याचं, बाभळीच्या मुठीचं खुरपं 120 ला मिळतं. चार खुरप्यांचे पैसे एका खुरप्याला द्यायला हात होईना. स्टॉलवरचा पोरगा असेल पंचवीस-सव्वीसचा. उद्यमनगरात मामाच्या वर्कशॉपमध्ये एका कोपऱ्यात स्वतःच बनवतो. त्यानं भाव पटवायचा प्रयत्न केला नाही. एवढंच म्हणाला, "काकी, आधी जुनं धरा, मग हे धरा, आणि दोन्ही वेळेला मनगटाकडं बघा."

बघितलं. साधं खुरपं जमिनीला टेकवलं की मनगट करंगळीकडं मुरडतं. तसं मुरडलेलंच ठेवून आपण दिवसाला सहा-सात तास जोर लावतो. बोटं ओढणाऱ्या दोऱ्या मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जातात, आणि अंगठ्याकडं जाणारी नसही त्याच बोगद्यातून जाते, मनगट मुरडलं की ती दबते. शिवाय मनगट वाकलेलं असलं की पकडीचा जोर कमी पडतो, म्हणून आपण मूठ आणखी आवळतो. या पोरानं मूठच वाकवलीय. पातं मातीला टेकतं आणि मनगट सरळ राहतं.

मला हे जागच्या जागी पटलं, कारण दोन वर्षं मी रात्री बधिर हातानं जागी होत होते. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, करंगळी कधीच नाही. हात झटकायचा, उशाला टेकवायचा, परत झोपायचं. डॉक्टरांनी नस दबलीय म्हणून सांगितलं, रात्री बांधायला 350 चा पट्टा दिला आणि भांगलण, म्हणजे खुरपणी, कमी करा म्हणाले. आमचा शंभर गुंठे ऊस, बाकी भुईमूग, सोयाबीन. मी भांगलण कमी करायची म्हणजे माझ्या जागी दुसऱ्या बाईला 300 रुपये रोज द्यायचा. हा हिशोब मनात होता म्हणूनच पिशवीतून 480 निघाले.

घरी आल्यावर आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "ह्ये वाकडं कशाला आणलंस गं? सरळ खुरप्यानं आमचं काय आडलं हुतं?"

पहिला आठवडा त्यांचंच खरं वाटत होतं. पैऱ्याला, म्हणजे एकमेकींच्या रानात आळीपाळीनं कामाला, आलेल्या बायका आपापली पात धरून पुढं निघून जायच्या आणि मी चार हात मागं. हाताला चाळीस वर्षांची सवय, तो आपोआप मुरडायचा आणि पातं तिरकं लागायचं. फोडही नव्या जागी आला, अंगठ्याच्या बुडाला. दहा-बारा दिवसांनी बरोबरीनं चालायला लागले. कामाचा वेग वाढेल म्हणून कुणी हे घेणार असाल तर घेऊ नका. वेग तोच राहतो.

फरक कळला तो गोठ्यात. दिवसभर भांगलून आल्यावर संध्याकाळी दोन म्हशींच्या धारा माझ्याकडंच. पहिली म्हैस निम्मी झाली की अंगठ्यातला जीव जायचा. सडावर दाब बसायचा नाही, धार बारीक व्हायची, म्हैस पाय आपटायची आणि मी हात बदलत बसायची. फेब्रुवारीत एक दिवस दुसरी म्हैस संपवून उठले, किटली झाकली, डेअरीकडं निघाले आणि वाटेत लक्षात आलं की आज हात बदललाच नाही. रात्रीचं जागं होणं त्यानंतर महिनाभरात थांबलं. पट्टा आता खुंटीला आहे.

इथपर्यंतचं मी मे महिन्यातच लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी पाच देणार होते. टाकायचं राहून गेलं ते बरं झालं, कारण पुढं पावसाळा आला.

पातं बदलता यावं म्हणून ते मुठीला दोन बोल्टांवर बसवलंय. कल्पना चांगली आहे. पातं झिजलं की 90 रुपयांचं नवं टाकायचं, मूठ तीच. पण बोल्ट एलनचे. डोक्यात षटकोनी खड्डा असलेले, 5 नंबरच्या किल्लीचे. आमची जमीन पंचगंगा नदीकाठच्या मळीची, म्हणजे गाळाची, काळी, चिकट. जूनच्या पहिल्या पावसानंतर वाफसा आल्यावर, म्हणजे माती कामाजोगी झाल्यावर, उसाच्या रानात तण काढायला बसले आणि तासाभरात दोन्ही खड्डे मातीनं भरले. दुपारपर्यंत ती माती वाळून दगड झाली. तिसऱ्या दिवशी पातं हलायला लागलं. किल्ली लावायची तर आधी खड्डा मोकळा करायला हवा. मी बांधावर बसून बाभळीच्या काट्यानं माती कोरत होते. काटा मोडला, दुसरा घेतला. वरची माती निघते, तळाची निघत नाही. मग किल्ली निम्मीच आत जाते आणि जोर लावला की घसरते. दोन-तीनदा घसरली की खड्ड्याच्या कडा गोल होतात आणि पुढं तो बोल्ट कशानंही फिरत नाही. माझा एक असाच गेला. किल्ली बोटाएवढी, काळी. काळ्या मातीत पडली ती आजपर्यंत सापडली नाही.

लोहाराच्या खुरप्याची मूठ ढिली झाली तर आपण काय करतो? उलटं धरून बांधाच्या दगडावर दोन दणके. झालं काम. भांगलणाऱ्या बाईकडं रानात दगड असतो, पाणी असतं, फार तर दुसरं खुरपं असतं. एलनची किल्ली नसते. ही एवढी गोष्ट बनवताना कशी सुटली, याचा मला खरंच राग आला.

फोन केला तेव्हा नदी चढत होती. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याकडं चाललेली, घरात सगळे त्याच काळजीत. पोरगा म्हणाला, "काकी, किल्ली पाकिटात दिलेली की. हरवली असेल तर पाठवतो, कुरिअरचे 60 पडतील." पाच-दहा रुपयांच्या किल्लीला 60 रुपये! मी म्हणाले, तुझं खुरपं तुलाच ठेव, आणि फोन ठेवला.

पाणी उतरल्यावर जुनंच खुरपं काढलं. वरच्या रानात सोयाबीनची भांगलण, सलग पाच दिवस. चौथ्या रात्री अंगठा बधिर होऊन जाग आली. अंधारात हात झटकत बसले होते आणि त्या पोराशी भांडल्याचं वाईट वाटत होतं. सकाळी परत फोन केला.

रविवारी तो मोटरसायकलवरून आला. नवे बोल्ट, दोन किल्ल्या, पैसे घेतले नाहीत. मी म्हणाले, बोल्ट राहू देत, तू आधी खाली बस आणि एक सरी भांगलून दाखव. बसला. हराळीच्या काशा ओढताना घाम निघाला त्याचा, पण उठला नाही. अर्ध्या तासानं मी सांगितलं, आता तुझी किल्ली लाव. लागली नाही. पाटाच्या पाण्यात धुऊन बघितलं, काडीनं कोरून बघितलं. मग खुरपं मांडीवर घेऊन बराच वेळ गप्प बसला आणि वहीत लिहून घेतलं. उद्यमनगरच्या वर्कशॉपमध्ये एलन किल्ली टेबलावरच पडलेली असते, तिथं हा प्रश्न उभाच राहत नाही, असं तोच म्हणाला. जुन्या काळचे यंत्र-कारागीर म्हादबा मेस्त्री यांच्यापासून कोल्हापुरात माणसं यंत्र बघून बघून शिकली. हा पोरगा चिखल बघायला आला, याचं मला मोल वाटतं.

त्यानं आणखी एक काम केलं. रानातल्या सातही बायकांचे हात मोजले. मूठ धरल्यावर अंगठा मधल्या बोटाच्या टोकाला टेकायला हवा म्हणाला. आत्यांचा टेकतच नव्हता, मध्ये बोटभर जागा. म्हणजे त्यांना मूठ जाड होत होती, आणि "वाकडं" म्हणून त्या जे नावं ठेवत होत्या त्याचं खरं कारण हे होतं. त्यानं मूठ 38 मिलिमीटरची केलेली, स्वतःच्या आणि मित्रांच्या हातावर मापून. भांगलायला बसतात बायका. दिवाळीआधी त्यानं 32 ची मूठ पाठवली, आत्यांनी ती घेतली आणि अजून परत दिलेली नाही. आमच्यातली एक डावखुरी आहे, तिच्यासाठी मात्र त्याच्याकडं अजून काही नाही.

पात्याबद्दल तक्रार नाही. एका हंगामात एकदा बदललं. धार लोहाराच्या पात्यापेक्षा जास्त टिकते, कानस आठवड्यातून एकदा पुरते. वजन थोडं जास्त आहे, त्याचा त्रास झाला नाही.

आता बोल्ट. दिवाळीआधी आलेल्या त्या नव्या मुठीत एक बोल्ट साधा सहा कोनांच्या डोक्याचा आहे, दहा नंबरच्या पान्याचा. दहाचा पाना कुठल्याही मोटरसायकलच्या टूलकिटमध्ये मिळतो, पिठाच्या गिरणीत मिळतो, पोरंही आणून देतात. मात्र दुसरा अजून एलनचाच ठेवलाय, कारण साधं डोकं वर आलं तर अंगठ्याच्या बुडाला टोचतं. परवा माझ्या जुन्या मुठीत डुगडुगलं तेही एलनच्याच बोल्टापाशी. मी त्याला सांगितलंय, डोकं खालच्या बाजूला घे आणि वर नट मुठीतल्या खाचेत बसव, म्हणजे अंगठ्याला काही लागणार नाही. तो म्हणतो, खाली डोकं मातीत घासून झिजेल. झिजू दे की! दोन-चार रुपयांचा बोल्ट आहे, दर हंगामाला नवा टाकीन, तोही गावातल्या दुकानातून. बाईच्या हातात पाना बसायला हवा, बाकी सगळं त्यानंतर.

तोपर्यंत चार स्टार. ज्यांच्या अंगठ्याला रात्री मुंग्या येतात त्यांनी घ्या, नवं बारीक मुठीचंच मागा, आणि पावसाळ्यात वरच्या खड्ड्यात मेणाचा गोळा दाबून ठेवा. माझं त्यावर भागतंय. पैऱ्यातल्या तिघींना मला हेच खुरपं घेऊन द्यायचंय. 1440 रुपये डब्यात बाजूला ठेवलेत आणि त्याला तसं कळवलंय. दुसरा बोल्ट दहाचा झाला की पैसे पाठवते.