स्कॅनच्या नावाखाली २२,५०० रुपये उकळले

बाबांचा उजवा हात थरथरतो. पार्किन्सन्स की नुसता कंप, हे तपासून नक्की होईना, म्हणून न्यूरोलॉजिस्टनी ट्रोडॅट हा मेंदूचा खास स्कॅन लिहून दिला. मोठ्या रुग्णालयात दीड महिन्यानंतरची तारीख मिळाली. तिथेच ओपीडीबाहेर गळ्यात कार्ड अडकवलेला एक जण भेटला. "ताई, अंधेरीला उद्याच करून देतो." पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. ५,००० जीपेवर, तेही त्याच्या खासगी नंबरवर, आणि १७,५०० रोख.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की शिरेतून इंजेक्शन देतात आणि औषध मेंदूत पोहोचेपर्यंत तीन-चार तास बसावं लागतं. म्हणून मी पोळीभाजीचा डबा घेऊन गेले होते. इंजेक्शन दिलंच नाही! किल्ल्या, घड्याळ काढायला लावलं, आतून ठकठक आवाज आला आणि पाऊण तासात बाबा बाहेर. मी काय केलं? लवकर सुटले म्हणून खूश झाले. भरलेला डबा तसाच घरी आला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो डबा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

रिपोर्टमध्ये थेट "पार्किन्सन्स". बाबांनी तो वाचला आणि दोन दिवस कोणासमोर चहाचा कप उचलला नाही. डॉक्टरांनी फिल्म बघितली आणि म्हणाले, हा साधा एमआरआय आहे. पार्किन्सन्समध्ये तो बहुतेकदा नॉर्मलच येतो; गाठ, स्ट्रोक असं दुसरं काही नाही ना, एवढ्यासाठी काढतात. ट्रोडॅटमध्ये डोपामिन या हालचाली सांभाळणाऱ्या रसायनाचा मेंदूतला भाग उजळून दिसतो, निरोगी मेंदूत स्वल्पविरामासारखा, आजारात शेपूट गळून पूर्णविरामासारखा. आमच्या फिल्मवर यातलं काहीच नव्हतं.

मी बँकेत नोकरी करते, रोज लोकांना सावध करते. पण बापाच्या हातातून घास सांडताना दीड महिना थांबून दाखवा.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या झाल्या. "एमआरआय तर केला ना? मग फसवणूक कसली? ग्राहक आयोगात जा." तिसऱ्या वेळी साहेब बंदोबस्तावर. पालिकेच्या कार्यालयात म्हणे हे आमच्याकडे येत नाही. अंधेरीचं स्कॅन सेंटर म्हणतं, तो आमचा माणूसच नाही. मग त्याने नेलेल्या पेशंटला आत घेतलं कोणी? १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे.

ट्रोडॅट स्कॅन करणाऱ्या जागेला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो दाखवायला सांगा. या मंडळाचं मुख्यालय आपल्याच मुंबईत, अणुशक्तीनगरात आहे, हे मला नंतर कळलं. पावतीवर स्कॅनचं नाव नसेल तर रोख देऊ नका. माझ्या पावतीवर फक्त "तपासणी" लिहिलंय. आणि हाच माणूस तुम्हालाही भेटला असेल तर जीपेचा स्क्रीनशॉट डिलीट करू नका, तक्रार एकत्र करू.