प्रोटीन डोनटसाठी साचा कोणता घ्यावा: पत्र्याचा ट्रे, सिलिकॉन की विजेचं मेकर?

घरी डोनट बेक करायचे म्हटलं की दुकानात तीन पर्याय समोर येतात: नॉनस्टिक पत्र्याचा सहा खणांचा ट्रे, सिलिकॉनचा लवचीक साचा आणि सँडविच टोस्टरसारखं मिटणारं विजेचं डोनट मेकर. मैद्या-साखरेचे डोनट करायचे असतील तर तिन्ही चालतात. व्हे प्रोटीनचं (दूध फाटल्यावर राहणाऱ्या पाण्यातल्या प्रोटीनच्या पावडरीचं) पीठ मात्र साच्याच्या बाबतीत फार नखरे करतं. घरात ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) असेल तर आमचं मत पत्र्याच्या ट्रेला. सिलिकॉन दुसऱ्या नंबरवर, आणि मेकर प्रोटीन डोनटसाठी घेऊ नये.

कारण व्हेच्या स्वभावात आहे. ७०-८० अंशांच्या पुढे व्हे आवळायला लागतं आणि धरलेलं पाणी बाहेर टाकतं. तव्यावर जास्त वेळ राहिलेलं पनीर चिवट होतं, तसा हा प्रकार. मैद्यात ग्लूटेनचं जाळं सगळं सांभाळून घेतं. प्रोटीन डोनटमध्ये मैद्याच्या जागी ओट्सचं पीठ येतं, त्यात ते जाळं नाही. त्यामुळे ‘कच्चं’ आणि ‘रबर’ यांच्यात जेमतेम दोन मिनिटं मिळतात. डोनटचा आकार इथे कामाला येतो: मधल्या उंचवट्यामुळे पिठाला आतून-बाहेरून दोन्हीकडून उष्णता लागते आणि १२ मिनिटांत काम होतं. हेच पीठ मफिनच्या वाटीत घातलं तर मध्य शिजायला १८-२० मिनिटं लागतात, तोवर कडा कोरड्याठाक झालेल्या असतात. म्हणजे साच्यानं उष्णता पटकन पोचवली पाहिजे, आणि त्यात पत्र्याला तोड नाही.

तुलनेसाठी पीठ एकच धरलं आहे. सहा डोनटना ओट्सचं पीठ ६० ग्रॅम, बिनचवीचं व्हे कॉन्सन्ट्रेट ५० ग्रॅम, चक्का १०० ग्रॅम, एक अंडं, गुळाची पावडर ३० ग्रॅम, तेल दोन छोटे चमचे, दूध ३० मिली, बेकिंग पावडर एक सपाट छोटा चमचा, चिमूटभर मीठ आणि जायफळ. प्रत्येक डोनटमध्ये साधारण १० ग्रॅम प्रोटीन येतं; दोन खाल्ले की नाश्ता झाला. व्हे याहून वाढवायचा मोह होतो, तो आवरा. ओट्सपेक्षा व्हे जास्त झालं की डोनट दाबल्यावर स्पंजासारखा परत उसळतो आणि दातांखाली करकरतो.

चक्का, अंडं, दूध, तेल आणि गूळ आधी एकत्र करा. त्यात ओट्सचं पीठ आणि व्हे चाळून घाला, हातानं हलकेच फेटा, दहा मिनिटं झाकून ठेवा म्हणजे ओट्स पाणी ओढून घेतील. बेकिंग पावडर अगदी शेवटी, ओव्हन तापल्यावर घालायची. आधी घातली तर तिचा काही जोर वाडग्यातच संपतो. मिक्सर किंवा विजेची फेटणी वापरू नका. व्हेला भरपूर फेस येतो, मोठे बुडबुडे अडकतात, डोनट ओव्हनमध्ये टम्म फुगतो आणि बाहेर काढताच खाली बसतो. पीठ इडलीच्या पिठाहून थोडं घट्ट हवं. साच्यात चमच्यानं घालायला गेलात तर मधल्या उंचवट्यावर सांडणारच, म्हणून दुधाची रिकामी पिशवी धुऊन-पुसून त्यात पीठ भरा, कोपरा कापा आणि गोल फिरवत सोडा. एका खणात ५५ ग्रॅम, म्हणजे दोन तृतीयांश. त्याहून जास्त भरलं की पीठ उंचवट्यावरून चढतं, भोक बुजतं आणि हातात फक्त बसकी वडी येते.

नाशिकमध्ये चक्का मिळवायला अडचण नाही, श्रीखंडाच्या निमित्तानं बऱ्याच डेअऱ्या तो ठेवतात. घेताना चव पाहा. फार आंबट असेल तर चिमूटभर सोडा चालतो, पण सोड्यानं डोनटला रंग लवकर येतो, तेव्हा शेवटची दोन मिनिटं डोळे ओव्हनवर. घरचं घट्ट दही तीन-चार तास टांगलं तर वजनाच्या निम्म्याच्या आसपास चक्का मिळतो. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा १० अंशांखाली उतरतो, त्या दिवसांत चक्का आणि अंडं फ्रिजमधून थेट पिठात घालू नका. गार पीठ शिजायला वेळ जास्त घेतं, आणि तेलाऐवजी तूप घातलं असेल तर त्याच्या कण्या होतात.

आता पत्र्याचा ट्रे. ओटीजी दोन्ही रॉडवर १७० अंशांना पूर्ण तापवा, ट्रे मधल्या जाळीवर ठेवा, ११ ते १२ मिनिटं. व्हेमध्ये दुधाची साखर असते, ती आणि प्रोटीन मिळून झपाट्यानं तपकिरी होतात. १९० अंशांवर बाहेरून छान दिसतं पण आत ओलं राहतं. टूथपिक टोचल्यावर तिला एक-दोन ओलसर कण चिकटलेले हवेत. ती अगदी कोरडी निघाली म्हणजे उशीर झालाच. काढल्यावर तीन मिनिटांनी उलटवून जाळीवर घ्या, कारण तापलेल्या ट्रेमध्ये ते शिजतच राहतात. या ट्रेमध्ये तळाला एकसारखा सोनेरी रंग येतो आणि कडेला पातळ साल धरते, जी बाकी दोन्हीत मिळत नाही.

घेताना दोन गोष्टी पाहा. मधला उंचवटा खणाच्या काठाइतका उंच हवा. स्वस्त ट्रेमध्ये तो बुटका असतो आणि भोक बुजण्याचं निम्मं कारण तेच. दुसरं म्हणजे माप. ओटीजीची आतली रुंदी आणि खोली टेपनं मोजूनच दुकानात जा. ट्रेच्या चारही बाजूंनी दोनेक सेंटिमीटर हवा फिरायला जागा हवी. ९-१० लिटरच्या छोट्या ओटीजीत सहा खणांचा ट्रे सहसा बसत नाही. हा ट्रे केक-बेकिंगच्या सामानाच्या दुकानात मागा. भांडीबाजारात तांब्या-पितळेचं पाहत वेळ छान जाईल, पण ती खरेदी वेगळी. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये हा ट्रे फक्त कन्व्हेक्शनवर चालतो, मायक्रोवेव्ह चालू करून कधीच नाही.

सिलिकॉनचा साचा स्वस्त, हलका, आणि डोनट सुटतात अगदी सहज. पण सिलिकॉन उष्णता हळू पोचवतं. त्याच पिठाला १४ ते १५ मिनिटं लागतात, वरची बाजू तोवर कोरडी पडते आणि तळ फिकट राहतो. त्यात साचा लवचीक असल्यानं बरेच जण तो ओटीजीच्या पत्र्याच्या ट्रेवर ठेवतात, म्हणजे खालच्या रॉडची उष्णता आणखी अडते. साचा आधी तारेच्या जाळीवर ठेवा आणि मगच भरा; तापमान १६५ करा आणि शेवटची चार मिनिटं वरचा रॉड बंद. इतकं सांभाळलं तर डोनट मऊ होतात, साल मात्र येत नाही. खरेदीच्या वेळी साचा चिमटीत धरून पिळा. पिळलेल्या जागी पांढरी रेघ दिसली तर त्यात भेसळ असू शकते, परत ठेवा.

विजेचं मेकर दिसायला लाडिक. एका वेळी सात छोटे डोनट, तीन-चार मिनिटांत तयार, मुलं खूश. पण यातल्या बहुतेकांना तापमानाचं बटणच नसतं. प्लेट मैद्याच्या गोड पिठाच्या हिशेबानं तापते आणि व्हेचं पीठ दीड-दोन मिनिटांतच काळपट होतं. दूध वाढवून पीठ सैल केलं तर ते कडेनं बाहेर येतं. शिवाय प्लेटा सहसा सुट्या होत नाहीत, पाण्याखाली धरता येत नाहीत, आणि वाळलेलं व्हे ओल्या फडक्यानं निघता निघत नाही. एअर फ्रायर असलेल्यांनी त्यापेक्षा सिलिकॉनचे सुटे गोल साचे घ्यावेत. १६० अंशांवर नऊ मिनिटं, आणि पंख्यानं वरची बाजू करपू नये म्हणून पहिली पाच मिनिटं वर फॉइल, कडा साच्याखाली नीट दुमडून.

पावडरबद्दल थोडक्यात. आयसोलेट (व्हेचाच जास्त शुद्ध केलेला प्रकार) महाग आणि डोनट जास्त कोरडा करतं, कॉन्सन्ट्रेट पुरे. वाटाण्याचं प्रोटीन पाणी फार ओढतं, २५-३० मिली दूध जास्त लागतं आणि पोत थोडा रवाळच राहतो. चवीच्या पावडरीत गोडवा असतो, तिथे गूळ निम्मा करा. अंडं नको असेल तर ४० ग्रॅम चक्का, २० मिली दूध आणि सपाट चमचाभर इसबगोल; प्रोटीन डोनटमागे अर्धा ग्रॅमही घटत नाही.

वरून साखरेचा पाक ओतून सगळ्यावर पाणी फिरवू नका. चक्का, थोडं व्हे आणि चमचाभर दूध घोटून पूर्ण गार झालेल्या डोनटवर लावा. हिवाळ्यात सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी आली की तिच्या चकत्या वर ठेवा. पिठात घातली तर पाणी सुटून मध्य गिचगिचीत होतो. रविवारच्या मिसळीला हे डोनट काही हटवणार नाहीत, पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली पहिली पाळी गाठणाऱ्यांच्या डब्यात ते बरोबर बसतात. बिनालेपाचे डोनट फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतात. गरम करताना मायक्रोवेव्हमध्ये १५ सेकंद, त्याहून जास्त नाही. अर्ध्या मिनिटात त्यांचं रबर होतं.

ट्रे घासायला तारेची घासणी नको, डोनट सोडवायला सुरीही नको. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, मऊ स्पंजानं पुसा, आणि बंद केलेल्या पण अजून उबदार ओटीजीत पाच मिनिटं वाळवा. काठाच्या दुमडीत पाणी राहिलं तर गंज तिथूनच धरतो.