मुद्गल, वाळूची गोणी आणि एक चिरा : पावसाळ्यासकट दहा महिन्यांनंतर

ऑक्टोबर ते जुलै, रत्नागिरीजवळची किनारपट्टी, जागा पडवी आणि अंगण एवढीच. वापरलेलं सामान : ४ किलोचा एक मुद्गल (खांद्याभोवती फिरवायचा, जाड बुडाचा लाकडी सोटा), २-२ किलोच्या मुद्गलांची एक जोडी, २५ किलोची वाळूची गोणी आणि घर बांधून उरलेला जांभ्याचा एक चिरा. निकाल आधीच सांगून टाकतो. मुद्गलाचे पैसे वसूल. गोणी दुसऱ्यांदा भरल्यावर कामाची झाली. चिरा फुकट मिळतो, पण सगळ्यांनी हात लावण्याची वस्तू नाही.

४ किलोचा मुद्गल म्हणजे ४ किलोचं डंबेल नव्हे. डंबेलाचं वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं, मुद्गलाचं सगळं वजन मुठीपासून दीड-दोन विती लांब, जाड बुडात. आडवा धरला की तेवढ्या अंतराचा ताण मनगटावर येतो. म्हणून १० किलोचं डंबेल सहज उचलणाऱ्याचा हातही पहिल्या दिवशी थरथरतो. सोयही त्यातच आहे. मूठ दोन बोटं बुडाकडे सरकवली की तोच मुद्गल हलका होतो, अगदी टोकाला धरली की जड. दहा महिन्यांत दुसरं वजन घ्यावं लागलं नाही ते यामुळे.

कातारीकडून करून घेताना तीन गोष्टी बघा. लाकूड गाभ्याचं हवं, सालीलगतचं पांढरं नको, भुंगा आधी तिथेच लागतो. मूठ आणि बूड एकाच ओंडक्यातून कातलेलं हवं. वेगळी मूठ ठोकून बसवलेला मुद्गल कितीही गुळगुळीत असला तरी नको, कारण फिरवताना सगळा हिसका त्याच सांध्यावर बसतो. आणि लाकूड जड हवं : ऐन, खैर किंवा बाभूळ. आंब्याच्या लाकडाचा ४ किलोचा मुद्गल इतका जाड होतो की पाठीमागून फिरताना डोक्याला लागतो. आमच्याकडच्या मुद्गलाचं बूड साधारण १२ सेंमी जाड, ४५ सेंमी लांब, आणि मूठ १६ सेंमी. मुठीची जाडी ३.५ सेंमीच्या पुढे गेली की लहान पंजाच्या माणसाची बोटं आधी दमतात, खांदा मागे राहतो. (सावंतवाडीच्या खेळण्यांना चालणारा पांगारा इथे चालणार नाही. तो हलका म्हणूनच खेळण्यांना बरा.)

फिरवणं असं. मुद्गल छातीसमोर उभा, मनगट सरळ. उजव्या हातात असेल तर तो डोक्यावरून डाव्या खांद्यामागे सोडायचा. ढकलायचा नाही, सोडायचा. पाठीमागे तो उलटा लोंबतो, कोपर आभाळाकडे. तिथून पाठीवरून ओढत उजव्या खांद्यावरून पुन्हा समोर. ओढताना श्वास बाहेर. चुका दोनच, पण सगळेच करतात. एक, मुद्गल मागे गेला की बरगड्या पुढे काढून कंबर वाकवणं. खांद्याला करायचं काम मग कंबर करते, आणि दुसऱ्या दिवशी दुखतेही तीच. ढुंगणाचे स्नायू आवळून, पोट थोडं आत घेऊन उभं राहिलं की हे थांबतं. खांदे आखडलेले असतील तर महिनाभर २ किलोचाच घ्या. दुसरी चूक मूठ घट्ट आवळण्याची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या टोकावर दुखायला लागलं तर कारण बहुतेक हेच असतं. मुद्गल उभा असताना पकड सैल करायची, फक्त ओढताना आवळायची. दुखायला लागलंच तर दोन आठवडे जड मुद्गल बंद, हलकी जोडी चालू.

पाऊस लागला की अंगण संपतं आणि पडवीचे वासे आडवे येतात. सात फुटांखाली उभ्यानं फिरवता येत नाही. एक गुडघा टेकून, खाली दुमडलेलं गोणपाट घालून फिरवायचं. यात कंबर वाकवायला जागाच उरत नाही, त्यामुळे उभ्यानं चुकणाऱ्यांची ढब गुडघ्यावर सुधारते. जुलैत हा अनपेक्षित फायदा झाला.

आता लाकडाची निगा, कारण कोकणात सामान व्यायामानं कमी आणि हवेनं जास्त खराब होतं. जूनअखेर मुठीच्या मुळाशी, जिथे हाताचा घाम मुरतो, तिथे पांढरट बुरशीचं कडं धरलं. बुडाच्या कापलेल्या टोकाला, जिथे वर्षवलयं उघडी दिसतात, तिथून ओल सर्वांत आधी आत जाते. उपाय साधा : मेच्या उन्हात वाळवून बेलतेलाचे (म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे) तीन पातळ हात, प्रत्येक हातात दोन दिवसांचं अंतर, टोकाला एक हात जास्त. बेलतेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना लावतात म्हणून मुद्गलाला लावायचा मोह कोणालाही होईल. बिलकुल नको, तळहाताला फोड येतात. मल्लखांबाला एरंडेल चोळतात ते अंग घसरावं म्हणून. मुठीला तेच लावलं तर मुद्गल हातातून सुटून समोरच्या कौलात जाईल. मुठीला काथ्या गुंडाळून पाहिला, पकड उत्तम, पण सालटी निघतात आणि घाम धरून ठेवतो. सायकलची जुनी ट्यूब तर घामात साबणासारखी होते. शेवटी सुती नाडाच टिकला. दर पंधरा दिवसांनी सोडून धुवायचा.

गोणीकडे येऊ. पहिली चूक वाळूची. किनाऱ्यावरून वाळू उचलायला कायद्यानं बंदी आहेच, पण बांधकामाची उरलेली म्हणून आणलेली वाळूही खारट निघू शकते. खारट वाळू हवेतली ओल ओढते. जूनमध्ये आत गोळे धरले आणि बाहेरच्या पिशवीची चेन गंजून अडकली. दुसऱ्यांदा भरताना वाळू बादलीत गोड्या पाण्यानं धुतली, वरचं पाणी चवीला खारट लागेनासं होईपर्यंत, आणि ताडपत्रीवर तीन दिवस उन्हात उलथीपालथी केली. मग ८ किलोच्या तीन आतल्या पिशव्या, प्रत्येक दुहेरी. तोंड पिळून, दुमडून, सुतळीनं दोनदा बांधायचं. नुसती गाठ मारली तर गोणी चौथ्यांदा आपटल्यावर बारीक वाळू झिरपते आणि पडवीभर करकर होते. बाहेरची पिशवी जाड कॅनव्हासची, चेनऐवजी दोरीची. पाव भाग रिकामा ठेवा. आतला माल सरकला पाहिजे, नाहीतर तो नुसता ओंडका. आकार वाढवायला भाताचं तूस मिसळण्याची युक्ती उन्हाळ्यात चालते, पावसात आठवडाभरात कुबट वास मारतो.

उचलायची पद्धत : पाय गोणीच्या दोन्ही बाजूंना, कवेत घेऊन मांडीवर, तिथे एक श्वास, मग कमरेच्या धक्क्यानं खांद्यावर. हातानं ओढून खांद्यावर घेतली की दंड ताणला जातो. प्रत्येक खांद्यावर ५ वेळा, असे ३ फेरे, शेवटी कवेत धरून ४० पावलं. शिमग्याला पालखीखाली खांदा देणाऱ्यांना हा ताण ओळखीचा वाटेल : वजन एका बाजूला, आणि तेही हलतं.

किनाऱ्यावर चालण्याबद्दल थोडक्यात. सुक्या, मऊ वाळूत चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात १० मिनिटंच. अनवाणी एकदम अर्धा तास चाललात तर टाचेमागची शीर तक्रार करते. पाण्यालगतची ओली वाळू उताराची असते. जेवढं जाल तेवढंच परत या, नाहीतर एकच कंबर भरते.

प्रमाण आठवड्याला ४ दिवस, २० मिनिटं : प्रत्येक हाताला मुद्गल १० फेऱ्या, १५ जोर, ३० बैठका, दिवसाआड गोणी. १० वरून २५ फेऱ्यांवर यायला चार महिने लागले, आणि ते मुद्दाम. रोज अजून पाचेक फेऱ्या जमतील अशा जागी थांबायचं. हात राखून केलेला व्यायाम दुसऱ्या दिवशी टाळावासा वाटत नाही. उसळून ५० फेऱ्या मारलेल्या दिवसानंतर भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये (व्यायाम झाला की त्या तारखेवर टिंब) तीन दिवस टिंबं नाहीत, हे दोनदा झालं. मुद्गल कपाटात गेला की टिंबं आणखी विरळ होतात, म्हणून तो दाराशी, चपलांच्या बाजूला उभा असतो. व्यायामाला वेळ नसेल त्या दिवशी नियम एकच, प्रत्येक हाताला ५ फेऱ्या. बहुतेक वेळा त्या १० होतात. झाल्या नाहीत तरी टिंब पूर्ण धरायचं. एप्रिल-मेत आंब्याचे क्रेट उचलणाऱ्यानं गोणी बंदच ठेवावी. २० किलोचे ५० क्रेट हाच त्या दिवसाचा व्यायाम, वर हलकी जोडी पुरे.

इतिहासाची हौस असणाऱ्यांसाठी : इंग्रजांनी इथून मुद्गल नेले, हलके केले, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांची स्पर्धाही झाली. तिकडून परत आलेले प्लास्टिकचे क्लब आता ऑनलाइन मिळतात. हलक्या जोडीसाठी ते बरे आहेत, बुरशीही धरत नाहीत. जड कामाला मात्र लाकूडच. ज्याचा खांदा पूर्वी निखळला आहे त्यानं यातलं काहीही फिजिओला विचारल्याशिवाय करू नये.

राहिला चिरा. १४ × ९ × ७ इंचाचा, सुका असताना ३०-३२ किलो. धरायला काठ नाही, पृष्ठभाग तारेच्या ब्रशसारखा, आणि कपडे लाल. हातमोजे घालून, जमिनीपासून मांडीपर्यंतच उचला, खांद्यावर घेऊ नका. पायाजवळ आपटायची वेळ आली तर मागे उडी मारता येईल एवढी जागा ठेवा. जांभा पाणी पितो, त्यामुळे अंगणात भिजलेला चिरा जुलैत उन्हाळ्यापेक्षा जड भरतो, वर शेवाळ धरून निसरडा होतो. नवरात्रापर्यंत तो तुळशीपाशीच राहू दे.