गावाला रुग्णवाहिका हवी: स्वतःची, १०२ ची की १०८ ची?

ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेच्या सभेत रुग्णवाहिकेचा विषय निघाला की चर्चा गाडीच्या मॉडेलवर जाते. आमदार निधीतून मिळेल का, खासदार निधीतून मिळेल का, लोकार्पण कधी करायचं. फोन कोण उचलणार, रात्री तीन वाजता चालक कुठे झोपलेला असणार आणि तिसऱ्या वर्षी त्याचा पगार कुठल्या खात्यातून जाणार, हे ठरावात बहुधा नसतंच. गाडी मात्र येते. वर्षभरात टायर बसतात, बॅटरी मरते आणि ती आरोग्य केंद्रामागच्या शेडमध्ये उभी राहते.

निर्णय घेणाऱ्यापुढे तीन वाटा आहेत. तिन्हींचं तंत्र वेगळं आणि पैशाचा झराही वेगळा.

तीन वाटा थोडक्यात

| | १०८ | १०२ | स्थानिक गाडी |
|---|---|---|---|
| कोणासाठी | अपघात, हृदयविकार, विषबाधा, सर्पदंश, प्रसूती, कोणतीही तातडी | गरोदर माता, बाळंतीण, एक वर्षापर्यंतचं बाळ | तुम्ही ठरवाल त्यांच्यासाठी |
| गाडीत कोण | डॉक्टर आणि चालक | मुख्यतः चालक | चालक; मदतनीस असेल तर |
| कुठून हलते | राज्याचा एकच नियंत्रण कक्ष, औंध, पुणे | जिल्हा पातळी व आरोग्य केंद्र | ज्याच्या हातात फोन आहे तो |
| चालू खर्च कोणाचा | राज्य शासन, राष्ट्रीय आरोग्य अभियान | अभियान व जिल्हा परिषद | तुमचा, पूर्णपणे |
| मुख्य अडचण | तळ (गाडी उभी राहण्याची जागा) लांब, गाडी दुसऱ्या फेरीवर | इतर रुग्णांना हक्क नाही | चालक नाही, डिझेल नाही |

१०८: आकडे काय सांगतात

महाराष्ट्रात १०८ सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, एकूण ९३७ गाड्यांनिशी. त्यांत २३३ प्रगत जीवनरक्षक (एएलएस) आणि ७०४ मूलभूत जीवनरक्षक (बीएलएस). राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निकष असा: एक लाख लोकसंख्येमागे एक बीएलएस, पाच लाखांमागे एक एएलएस. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११.२४ कोटी. म्हणजे एएलएस २२५ लागतात, त्या होत्या. बीएलएस मात्र ११२४ लागतात आणि होत्या ७०४. तुमच्या तालुक्यात ‘गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली आहे’ हे उत्तर वारंवार का मिळतं, त्याचं मोठं कारण या वजाबाकीत आहे. पुढच्या, २०२४ च्या कंत्राटात १७५६ वाहनांची योजना केली गेली: २५५ एएलएस, १२७४ बीएलएस, ३६ नवजात बालकांसाठी, १६६ दुचाकी आणि २५ बोटी. हे आकडे त्याच निकषात घालून पाहा; दोन्हींतून साधारण पावणेतेरा कोटी लोकसंख्या निघते.

यातून एक व्यवहारी धडा. बारा हजार वस्तीच्या गावाने ‘आमच्या लोकसंख्येला एक गाडी द्या’ असा अर्ज केला, तर निकषाने त्याच्या वाट्याला गाडीचा आठवा हिस्सा येतो. अर्ज परत येणारच. मागणी लोकसंख्येवर करू नका, वेळेवर करा. माहितीच्या अधिकारात तुमच्या गावांच्या मागच्या बारा महिन्यांच्या कॉलची नोंद मागा: कॉल आला ती वेळ, गाडी नेमली ती वेळ, चाकं हलली ती वेळ, घटनास्थळी पोचली ती वेळ, कोणत्या तळावरून आली. रुग्णाचं नाव मागू नका, त्यावर अर्ज अडतो. या नोंदीत उशीर रस्त्यावर होतो की निघण्यात, हे लगेच दिसतं. रस्त्यावर होत असेल तर तळ हलवण्याची मागणी करा. नवीन गाडीपेक्षा ती लवकर मान्य होण्यासारखी असते. सोबत काय द्याल तेही लिहा: गाडी उभी करायला पक्की जागा, कर्मचाऱ्यांना झोपायची खोली, शौचालय, वीजजोडणी. पुष्कळ ठिकाणी तळ चुकीच्या जागी असण्याचं कारण एवढंच असतं की योग्य जागी खोली नव्हती.

महाराष्ट्राच्या १०८ चं वेगळेपण म्हणजे गाडीत डॉक्टर असतो, बहुधा आयुर्वेद पदवीधर. गोव्यात २००८ पासून १०८ चालते, ती हैदराबादेत २००५ साली सुरू झालेल्या ईएमआरआय या तातडी सेवा संस्थेच्या पद्धतीने: गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ, आणि अडलं तर कक्षातल्या डॉक्टरशी फोनवर सल्ला. कागदावर डॉक्टरवाली गाडी सरस दिसते. पण डॉक्टर मिळेनासा झाला की पाळी रिकामी जाते आणि गाडी उभी राहते. तंत्रज्ञाची जागा भरणं त्या मानाने सोपं. तुम्ही कंत्राट लिहिणाऱ्यांपैकी असाल तर हा मुद्दा हलका घेऊ नका.

१०२: मर्यादित, पण हमखास

१०२ मागचा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून आहे. घरातून दवाखान्यात, दवाखान्यातून वरच्या दवाखान्यात आणि परत घरी, तिन्ही फेऱ्या मोफत. परतीच्या फेरीचा हक्क अनेक कुटुंबांना माहीतच नसतो, मग खासगी जीप होते. तुमच्या भागातली मुख्य गरज प्रसूतीची असेल, तर नवीन गाडीआधी १०२ चा चालक खरोखर चोवीस तास आहे का ते तपासा. एका आरोग्य केंद्राला एकच चालक असेल तर ती गाडी दिवसाचीच समजा. ठेकेदारामार्फत नेमलेल्या चालकांचे पगार रखडले की ही सेवा सगळ्यांत आधी लंगडते.

स्वतःची गाडी: खरा हिशेब

गाडी घ्यायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत. खासदार निधीतून रुग्णवाहिका घेता येते, आवर्ती खर्च करता येत नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीलाही अट होती: स्थानिक गरजेवर खर्चा, पण पगार आणि आस्थापना सोडून. रुग्णवाहिकेचा सर्वांत मोठा खर्च नेमका पगारच.

आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४८ तास काम करतो. भागाकार साडेतीन; रजा धरली तर एका जागेला किमान ४ माणसं. आता चोवीस तासांची गाडी मांडू. दर नमुन्याचे आहेत, तिथे तुमच्या भागातले घाला.

चालक ४ × १८,००० = ७२,०००. मदतनीस ४ × १५,००० = ६०,०००. महिना २५०० किमी, लिटरला १० किमी, डिझेल ९० रुपये धरून २२,५००. टायर, सर्व्हिसिंग, विमा मिळून १२,०००. ऑक्सिजन आणि वापरून फेकायचं साहित्य ६,०००. बेरीज महिन्याला १,७२,५००, वर्षाला २० लाख ७० हजार. तीच गाडी फक्त दिवसाचे बारा तास, २ चालक, २ मदतनीस आणि १५०० किमीवर चालवली तर वर्षाला साधारण ११ लाख. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून यातलं काय निघतं, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा आणि मगच ठराव करा.

आणखी एक बारकावा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकृत होत नाही, आणि यात ग्रामपंचायती, नगरपरिषदाही आल्या. दुसऱ्या संस्थेची जुनी गाडी ‘दान’ म्हणून घेताना नोंदणीचं साल आधी पाहा.

खरेदीत गाडीचा प्रकार एआयएस-१२५ या रुग्णवाहिकांच्या भारतीय मानकाप्रमाणे लिहा. ‘बी’ म्हणजे रुग्ण ने-आण, ‘सी’ बीएलएस, ‘डी’ एएलएस. नुसतं ‘सुसज्ज रुग्णवाहिका’ लिहिलं की पुरवठादार त्याला सोयीचं ते देतो. ‘डी’ प्रकाराचा मोह टाळा. व्हेंटिलेटर आणि डिफिब्रिलेटर चालवणारा माणूस नसेल तर ती यंत्रं म्हणजे बॅटऱ्या सांभाळण्याचं काम आहे. ऑक्सिजनचा हिशेब मात्र जरूर करा: बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर, मिनिटाला १० लिटरने अडीच तास, डी टाइपमध्ये सुमारे ७००० लिटर. जिल्हा रुग्णालय सव्वादोन तासांवर असेल तर एक बी टाइप जेमतेम पुरतो, वाटेत ट्रॅफिक लागला तर नाही. दोन ठेवा.

फोन ते चाक: कक्षाचं तंत्र

१०८ च्या कक्षात कॉल आला की ठिकाण आणि तक्रार नोंदली जाते, नकाशावर मोकळ्या गाड्या दिसतात, एक नेमली जाते, तिच्या उपकरणावर निरोप जातो. सगळी गावं एका नजरेत आणणारं हे सॉफ्टवेअर चांगलंच, पण त्याच्या चुका ठरलेल्या आहेत. मोबाइल टॉवरवरून मिळणारं ठिकाण ग्रामीण भागात काही किलोमीटरने हुकू शकतं. वडगाव, पिंपळगाव, शिरगाव ही नावं एकाच जिल्ह्यात चार-चार सापडतात. ‘सर्वांत जवळची’ गाडी सरळ रेषेत मोजली तर ती नदीच्या पलीकडची किंवा घाटाखालची निघते. आणि फेरी संपल्यावर कर्मचाऱ्याने ‘मोकळी’ बटण दाबलं नाही, तर मोकळी गाडी कक्षाला दिसतच नाही.

यातल्या पहिल्या दोन चुका गावपातळीवर बऱ्याच कमी होतात. प्रत्येक वाडी-वस्तीसाठी एका ओळीचा पत्ता ठरवा: तालुका, गाव, वस्ती, रस्त्यावरची खूण, अक्षांश-रेखांश. आशाताई, पोलीस पाटील, दुकानदार यांच्या मोबाइलमध्ये तो ठेवा. कॉल करणाऱ्याने आधी तालुका सांगायचा, मग गाव. ११२ वर फोन लागला तरी हाच क्रम. वैद्यकीय कॉल तिथून १०८ कडे वळवला जातो.

‘मग आपला स्वतःचा नियंत्रण कक्षच काढू’ हा विचार नगरपरिषदांमध्ये अधूनमधून येतो. एका खुर्चीला ४ माणसं हे वर पाहिलं. एक कॉल चालू असताना दुसरा आला तर घ्यायला दुसरी खुर्ची हवी, म्हणजे ८. प्रत्येकी १५,००० धरले तर महिन्याला १ लाख २० हजार. गाड्या तीन असतील तर प्रत्येक गाडीवर ४०,००० चा बोजा, आणि सॉफ्टवेअर, इन्व्हर्टर, इंटरनेटची दुसरी लाइन अजून धरलेलीच नाही. दहा-पंधरा गाड्यांखाली हा नाद करू नये.

कमी गाड्यांसाठी साधी जुळणी पुरते. क्लाउड टेलिफोनीचा (आलेला कॉल एकामागून एक मोबाइलवर वळवणारी सेवा) एक कायमचा नंबर घ्या; तो आधी पाळीवरच्या चालकाकडे पंधरा सेकंद वाजेल, मग दुसऱ्या कंपनीच्या सिमवर, मग आरोग्यसेवकाकडे. चालकाचा वैयक्तिक नंबर गाडीवर कधीही रंगवू नका. चालक बदलतो, रंग राहतो. कॉल रेकॉर्डिंग चालू ठेवा. वाद झाला की तेच कामाला येतं. जीपीएस ट्रॅकर एआयएस-१४० या वाहन-ट्रॅकरच्या मानकाचा घ्या आणि सिमचं वार्षिक रिचार्ज अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून लिहा. ट्रॅकर बंद पडण्यामागे यंत्राच्या बिघाडाइतकंच संपलेलं रिचार्ज किंवा गॅरेजमध्ये काढलेली वायर असते.

ठेका द्यायचा असेल तर

पैसे कशावर मोजता, तशी सेवा वाकते. महिन्याला ठोक रक्कम दिली तर गाडी उभी ठेवण्यात ठेकेदाराचा फायदा. किलोमीटरवर दिली तर लांबचा रस्ता आणि फुगलेलं मीटर. फेरीवर दिली तर कागदी फेऱ्या. त्यातल्या त्यात ठोक रक्कम, अधिक गाडी सज्ज नसलेल्या प्रत्येक तासाला कपात, हे निभावतं. अट एकच: गाडी सज्ज होती की नाही ते ट्रॅकर आणि कॉलची नोंद पाहून ठरावं, ठेकेदाराच्या रजिस्टरवरून नाही.

कोणी काय घ्यावं

१०८ चा तळ रस्त्याने अर्ध्या तासाच्या आत असेल, तर तातडीसाठी वेगळी गाडी घेऊ नका. घ्यायचीच असेल तर ‘बी’ प्रकारची, दिवसाची: डायलिसिसला नेणं, डिस्चार्ज झालेल्याला घरी आणणं, तपासणीसाठी नेणं. ही कामं बाहेर काढली तर त्यांसाठी १०८ ला फोन जात नाही आणि ती गाडी तातडीला मोकळी राहते. तळ त्याहून लांब, घाटापलीकडे किंवा पावसाळ्यात तुटणाऱ्या रस्त्यावर असेल, तर ‘सी’ प्रकारची चोवीस तासांची गाडी समर्थनीय आहे, पण शेजारच्या चार-पाच ग्रामपंचायतींनी खर्च वाटून. तेव्हाही आधी १०८ लाच फोन करायचा, मग स्थानिक गाडी काढायची, आणि वाटेत जिथे भेट होईल तिथे रुग्ण हलवायचा. भेटीच्या जागा आधीच ठरवा: पेट्रोल पंप, टोल नाका, ग्रामीण रुग्णालयाचं फाटक, जिथे दिवे आणि मोबाइलची रेंज आहे.

ठरावात पाच गोष्टी शब्दांत लिहून घ्या: गाडीचा एआयएस प्रकार, चालकांची संख्या, पगाराचं लेखाशीर्ष, नंबर कोणाच्या नावावर, आणि दर सोमवारी ऑक्सिजनचा दाब, बॅटरी व सक्शन मशीन तपासून सही कोण करणार.