लघुग्रहाला नाव देणारी ऑनलाइन सेवा : फ्रेम देखणी, ‘अधिकृत’पणा पोकळ

आमच्या साताऱ्यातील आकाशनिरीक्षण गटाच्या एका ज्येष्ठ सदस्यांच्या एकसष्टीनिमित्त त्यांच्या मुलांनी एका संकेतस्थळावरून ‘नव्याने सापडलेल्या लघुग्रहाला’ वडिलांचे नाव देण्याची सेवा विकत घेतली. यवतेश्वरच्या पठारावर गावातल्या कितीतरी मुलांना शनीची कडी दाखवणाऱ्या काकांना हा मान शोभलाही असता. जाड कागद, सोनेरी मोहोर, काचेची फ्रेम आणि सांगितलेल्या दिवशी घरपोच पार्सल, यांत नावे ठेवण्यासारखे काहीच नाही.

अडचण मजकुरात आहे. लघुग्रहाचे स्थान म्हणून विषुवांश आणि क्रांती (आकाशातील रेखांश-अक्षांशच म्हणा) छापले आहेत, परंतु ते कोणत्या तारखेचे याचा उल्लेख नाही. लघुग्रह ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सतत सरकत असतो, किंबहुना त्या सरकण्यावरूनच तो सापडतो. तेव्हा तारखेविना दिलेले त्याचे स्थान म्हणजे धावत्या एसटीचा पत्ता. नोंदणी क्रमांकही कंपनीचाच असून लघुग्रहांच्या अधिकृत नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीत काकांचे नाव सापडत नाही. अगदी तळाशी, बारीक टाइपात, हे नाव ‘आमच्या खासगी नोंदवहीत’ राहील असा खुलासा आहे.

खऱ्या नामकरणाला एक पैसाही लागत नाही. लागतात ती वर्षे. नवा लघुग्रह आधी ‘२०२४ वायआर४’ अशा धर्तीच्या तात्पुरत्या संज्ञेने ओळखला जातो, आणि सहसा अनेक प्रतियुतींमधील (म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो त्या काळांतील) निरीक्षणांवरून त्याची कक्षा पक्की झाल्यावरच त्याला कायमचा क्रमांक मिळतो. तेथून पुढे १० वर्षे नाव सुचवण्याचा अधिकार शोधकाकडे असतो. रोमन लिपीतील १६ अक्षरांत बसणारे नाव आणि त्यामागचे कारण तो कळवतो व आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती त्यावर निर्णय देते. शोधकाने स्वतःचेच नाव देणे शिष्टसंमत नाही, आणि राजकीय वा लष्करी व्यक्तींसाठी तर मृत्यूनंतर १०० वर्षे थांबावे लागते. सहकारी हौशी निरीक्षकाचे नाव मात्र खुशाल सुचवता येते. तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेतून १९८८ मध्ये सापडलेल्या ४१३० क्रमांकाच्या लघुग्रहाला रामानुजन यांचे नाव मिळाले, तेही याच वाटेने.

केवळ शोभेची भेट म्हणून कोणी हे प्रमाणपत्र घेणार असेल तर हरकत नाही, मात्र संकेतस्थळावर ठळकपणे मिरवणारा ‘अधिकृत’ हा शब्द सरळसरळ दिशाभूल करतो. आपण ताऱ्यांची नावे विकत नाही, असे संघाने स्वतःच स्पष्ट केलेले आहे. तेवढ्या रकमेत १०×५० ची (दहापट मोठे दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) बऱ्यापैकी द्विनेत्री दुर्बीण आली असती आणि काकांनी ती दुसऱ्याच रात्री पठारावर नेली असती. मुलांनी पैसे परत मागितले, तेव्हा व्यक्तीचे नाव छापलेली वस्तू परत घेतली जात नाही, एवढेच उत्तर आले.